वहीतलं वाक्य

क्वाक : ...म्हणून सांगतो, प्योनसाहेब, स्थापनादिनाला पाणी अडवता येणार नाही. काँक्रीटचा शेवटचा थर परवा ओतलाय. तो महिनाभर तरी मुरायला हवा. आपल्याकडे दिवस उरलेत बारा.

प्योन : तारीख तुम्ही-आम्ही ठरवलेली नाही, क्वाक. सरसेनापती स्वतः इथे उभे राहून म्हणाले, "पक्षाच्या वाढदिवसाला इथे पाणी दिसलं पाहिजे." झाला हुकूम.

क्वाक : त्यानंतर पुरात अर्धी भिंत गेली. ते वर कळवलंत ना?

प्योन : कळवलं. उत्तर आलं, 'शाब्बास, झुंजत राहा.'

क्वाक : अहो, धरणाखाली दोनशे घरं आहेत!

प्योन : मला सांगताय? माझी बहीण त्याच गावात दिलीय.

क्वाक : मग लिहा ना! भिंत बांधणारी पलटण माझी, पण तिच्यावर नेमलेले पक्षाचे अधिकारी तुम्ही. तुमच्या सहीशिवाय माझा कागद छावणीबाहेर जात नाही.

प्योन : काय लिहू? सरसेनापतींची तारीख चुकली? त्यांचं चुकत नसतं. त्यांचा शब्द फिरवणार फक्त तेच.

क्वाक : माझ्या एकट्याच्या नावानं पाठवा. शिक्षा म्हणून खाणीत धाडतील, जाईन.

प्योन : मोठे आले खाणीत जाणारे! गरम पाणी प्या जरा, आणि मला पाच मिनिटं गप्प बसू द्या.

क्वाक : काय लिहिताय?

प्योन : लिहीत नाही, वाचतोय. त्यांचा शब्दन् शब्द मी वहीत उतरवला होता. हे बघा, निघताना म्हणाले, "पाणी उशिरा आलं तरी चालेल, पण खालच्या गावातल्या लेकराला या भिंतीची भीती वाटता कामा नये."

क्वाक : मी शेजारीच होतो. मला नाही आठवत.

प्योन : वारा होता.

क्वाक : शाई ओली आहे, प्योनसाहेब.

प्योन : वाळेल. आपण हुकूम मोडत नाही, पाळतोय. तसाच अर्ज लिहा. पहिली सही माझी.

क्वाक : आणि कुणी त्यांनाच विचारलं तर?

प्योन : तर त्यांना म्हणावं लागेल, 'लेकरं भ्याली तरी चालतील.' म्हणतील असं?

(नऊ दिवसांनी, त्याच तंबूत.)

प्योन : उत्तर आलं. महिन्याची मुदत मिळाली.

क्वाक : सुटलो! पण तुमचा चेहरा असा का?

प्योन : पुढे वाचा. सरसेनापतींचं ते वाक्य धरणाच्या माथ्यावर दगडात कोरायचंय. पुरुषभर उंचीची अक्षरं.

क्वाक : प्योनसाहेब... खरं सांगा. ते असं बोलले होते?

प्योन : आता बोललेत.