डाव्या सीटवरची आई

आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, पाचोऱ्याला अंगणात सुटे भाग जोडून स्वतः बनवलेली ती बुटकी गाडी आठवते ना? तिच्यातूनच आपण चाळीसगावला लग्नाला गेलो होतो. परवा नाना आईला घेऊन निघाले, तर गाडीची पुढची डावी बाजू वर उचललेली. मी स्प्रिंग बदलली, शॉकअप बदलला, बुशसुद्धा बदलले. काडीचा फरक पडला नाही. शेवटी वैतागून विचारलं, "नाना, ही लेव्हल केली कशी होती?"

"तुनी मायले बाजूले बसाडीसन."

बोलता बोलता ते डाव्या सीटवरच्या आईकडे बघतच राहिले. "गाडी बरोबर शे. तुनी माय वाळी गई."

"आईचं वजन उतरलंय, मग नरम स्प्रिंग टाकू?"

"हात नको लावू!" केवढ्याने ओरडले!

तेव्हापासून आईच्या ताटात नाना स्वतः तूप वाढतात, आणि जेवण झालं की तिला गाडीत बसवून पुढून वाकून बघतात.