निवृत्ती भोपळे यांच्या बंदुकीची पावती

सोजराबाई भ्रतार निवृत्ती भोपळे, वय ३८, धंदा शेती, राहणार मौजे निंबखेड, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा. ता. १२ माहे नोव्हेंबर सन १९३६.

समक्ष हजर राहून सांगते की, माझे घरवाले वैशाखात तापाने वारले. रानडुकरांसाठी त्यांच्याजवळ परवान्याची ठासणीची बंदूक होती. परवाना त्यांच्या नावाचा, म्हणून तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती याच ठाण्यात जमा केली. पावती घेतली.

परवा मंगळवारी सकाळी मोताळ्याच्या रस्त्यावर आबकारीवाल्यांनी महादेवरावांची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, अडवली. हे आमच्या गावच्या पोलीस पाटलांचे सख्खे भाऊ. कडब्याखाली दोन शेर अफू आणि मांडीवर बंदूक निघाली. ती बंदूक आज मला दाखवली. दस्त्याला पितळी पट्टी, तीन खिळे, चौथ्याची जागा रिकामी. पट्टी ठोकताना दस्ता मी धरला होता. चौथा खिळा घरी कोनाड्यात आहे.

काल दुपारी पाटील घरी आले. म्हणाले, "सोजराबाई, नुसत्या अफूवर माह्या भावाचं थोडक्यात भागते. संग बंदूक धरली तं सक्तमजुरी. तू येवढंच सांग, बंदूक तुह्या घरी होती अन् लोहाराकडे न्याले तूच दमणीत टाकली."

मी म्हणाले, "मंग बिनपरवान्याची म्हून मले धरतीन."

"बाईमाणसाले कोन जेलात टाकते?"

"असं हाय तं तुमच्या घरवालीजवळ होती म्हना. तेही बाईमाणूसच हाय."

पाटील चहा न घेता गेले. चहा केलाही नव्हता.

आज ठाण्यात आले तेव्हा माझा जबाब आधीच लिहून तयार होता. जमादारांनी शाईची डबी पुढे केली, "लाव अंगठा." मी शाळेत गेले नाही, अक्षरे पोथीवरून स्वतः शिकले. "बंदूक माझ्या घरी होती" हे मी मोठ्याने वाचले. जमादार म्हणाले, "तुले वाचता येते हे आधी काऊन नाही सांगितलं?" मी म्हणाले, "तुमी अंगठाच मागितला." आत बसलेले, जिल्ह्याहून चौकशीला आलेले फौजदारसाहेब तेव्हा बाहेर आले. हा जबाब ते घेत आहेत.

बंदूक ठाण्याच्या मालखान्यातून महादेवरावांच्या मांडीवर कशी गेली ते मला माहीत नाही. चालत गेली नसावी.

पावती दाखवली, साहेबांनी नक्कल उतरवून घेतली. मूळ पावती देणार नाही. या ठाण्यात दिलेली वस्तू कुठे जाते ते मी पाहिले आहे. बंदूक मला परत नको. अफूच्या खटल्यात माझ्या घरवाल्यांचे नाव साथीदार म्हणून येऊ नये, एवढेच.

हा जबाब मला कोणी वाचून दाखवला नाही. मीच दोनदा वाचला. सांगितला तसाच उतरला आहे. अंगठा लावलेला नाही.

सही : सोजराबाई निवृत्ती भोपळे