तांदळाच्या पिंपामागची बाटली

—नाही हो काकू, बसा, पिशवी राहू दे तिथेच, मला एवढी जागा पुरते. म्हणजे पुरत नाही, आठवा संपत आलाय, पण बाकं अशी केलीत यांनी की जणू बायका पोट घरी ठेवून तपासायला येतात. सून आत आहे का तुमची? बरं. मी एकटीच. सासूबाई परवा बुरोंडीला गेल्या भावाकडे, आज एसटीने थेट इथेच येतायत. नवरा बोटीवर — शुभंकर, इंजिनीयर आहे — तो आत्ता कुठल्या समुद्रात आहे ते मला सांगता यायचं नाही. ही पिशवी होय? दोन गाऊन, टॉवेल, ब्रश. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, बीपी असंच राहिलं तर घरी सोडणार नाही, इथेच झोपून राहायचं, आणि वेळ आली तर बाळ लवकर काढू. काढू — फणस काढल्यासारखं म्हणाले हो.

हे घ्या, प्या थोडं. शहाळ्याचं पाणी, पुदिना, लिंबू. मीठ नाही त्यात. मीठ बंद आहे माझं — लोकांदेखत. गरोदर बाईने काय काय प्यावं यावर माझ्याकडून अर्धा तास ऐकून घ्या, मी तयारच असते. सासूबाई सुरुवातीला रोज केशराचं दूध द्यायच्या. मी म्हटलं, आई, केशराने कोणी गोरं होत नाही, दुधाने मला उलटी मात्र होते. दुसऱ्या दिवसापासून बंद केलं त्यांनी. मला वाटलं, जिंकले.

मग डोहाळजेवण आलं. त्यांनी पिंपभर पन्हं करायचं ठरवलेलं. मी म्हटलं, छे, पन्हं काय, मी मॉकटेल देणार. कलिंगड-तुळस, आवळा-आलं-सोडा, कोकम-शहाळं. उंच ग्लास आणले, वर लिंबाची चकती, आणि काठाला लिंबू फिरवून मीठ लावलं, मोठ्या हॉटेलात लावतात तसं. साठ ग्लास! कमळामावशींनी — सासूबाईंची बहीण, सत्तरीची — ग्लास नाकाशी नेला, वास घेतला आणि शेजारणीला विचारलं, "बोटीवरचं काय घातलंन् की काय यात?" मग पदराने काठावरचं सगळं मीठ पुसलं आणि पहिला घोट घेतला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही पुसलं. चाळीस पदर, काकू, एकाच वेळी. मला असा राग आला — मी उभी राहिले आणि भाषण दिलं. यात दारूचा थेंब नाही, शरीराला क्षार लागतात, तुम्हा लोकांना काही नवीन चालत नाही, मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय. हिरवी साडी, अंगावर फुलांचे दागिने, हातात चमचा, आणि भाषण. सासूबाई ओटीचं ताट धरून शेजारीच उभ्या होत्या, खाली बघत. व्हिडिओ आहे त्याचा. नाही, दाखवणार नाही.

आणि बायका गेल्यावर काय केलं मी? ज्या ग्लासांना कोणी हात लावला नव्हता, त्यांचे काठ मागच्या पडवीत बसून चाटले. पाच ग्लास. हसा तुम्ही, मीही हसते. डोहाळे चिंचेचे लागतात, मातीचे लागतात, मला मिठाचे लागले. आठ दिवसांनी इथे आले तर एकशे पन्नास. वरचं. डॉक्टर म्हणाले, लोणचं बंद, पापड बंद, सुकी मासळी बंद, मीठ नावापुरतं. क्षार लागतात म्हणून भाषण देणारी मी, तेव्हा पायाकडे बघत बसले होते. पायही दिसत नव्हते म्हणा.

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी लोणच्याच्या बरण्या शेजारी नेऊन दिल्या. स्वतःही अळणी जेवायला लागल्या. मी म्हटलं, तुम्ही कशाला? तर म्हणे, दोन भाज्या कोण करत बसणार गो. आणि मी? — कोणाला सांगू नका, तुमची-माझी काही ओळख नाही म्हणून सांगते — मी कोठीत, तांदळाच्या पिंपामागे, आगळाची बाटली लपवली. आता आगळ म्हणजे कोकमाचा रस, तो वर्षभर टिकतो मिठावर, तेवढं मीठ असतं त्यात. ग्लासात दोन बोटं, वरून सोडा, जिरं कुटून. सकाळ, दुपार, संध्याकाळ. महिनाभर. दर वेळी म्हणायचं, हा शेवटचा. पोटातलं पाय मारायचं आणि मी त्याला सांगायचे, थांब रे, एवढा पिऊ दे. पण एक आहे, महिनाभर एकच बाटली पुरवली मी. एवढा तरी संयम आहे.

नोकरी विचाराल तर मिरजोळ्याला, सरबतांच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोल. दुसऱ्यांच्या बाटल्यांतलं मीठ मोजते. अर्धा टक्का इकडेतिकडे झालं की सगळा माल परत पाठवते, आणि वर चार शब्द ऐकवते. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, टक्क्यांत माहीत होतं. म्हणून तर पिशवी भरून आणलीय. आज बीपी वर असणार, ठेवून घेणार, आणि सासूबाई दारातून आत येतील तेव्हा त्यांना काय सांगणार मी? की तुमच्या नातवापेक्षा मला—

हो सिस्टर, अक्षया मीच. इथेच घेताय? घ्या. — किती? परत बघा ना. नाही, खरंच परत बघा. दुसऱ्या हातावर. — एकशे अठरा? — हो. हो, सोडलं ना मीठ. अगदी. थँक्यू.

ऐकलंत ना काकू. सोडलं म्हणाले मी. शाबासकीही घेतली. पण बीपी खाली येणार कुठून? काल संध्याकाळीसुद्धा प्यायले मी. आज सकाळी मात्र नाही, आज बाटलीतल्या रसावर साय धरली होती. पांढरी, बुरशीची. घाईत ओतून दिली मोरीत आणि रिक्षा पकडली—

थांबा.

आगळाला बुरशी येत नाही. मिठात ती जगूच शकत नाही. हे मी कारखान्यात पोरींना शिकवते हो, फळ्यावर लिहून.

म्हणजे त्यात मीठच नव्हतं. कधीपासून नव्हतं? मला मध्ये सपक लागायला लागलं होतं, दर आठवड्याला जरा जास्तच सपक. मी म्हटलं गरोदरपणात जीभ बदलते. जीभ! आणि दिवसाला तीन ग्लास पिऊन एक बाटली महिनाभर पुरते? चौथीतल्या पोराला विचारा. मी संयम म्हणत होते त्याला. सासूबाई रोज संध्याकाळी कोठी झाडायला जायच्या. मी वरून बोलायचे, काय ती रोजची झाडझूड. महिन्यापूर्वी बुरोंडीहून बिनमिठाची सोलं, सुकवलेली कोकमं हो, मागवली त्यांनी, म्हणे पित्तावर हवीत. त्यांना पित्त कधी झालं? रोज भिजत घालायच्या, कोळायच्या, गाळायच्या आणि माझ्या बाटलीत भरायच्या — मला कळू नये इतकं थोडं थोडं मीठ कमी करत. परवा गेल्या, दोन दिवस भरायला कोणी नव्हतं, आणि रस नासला.

तोंडाने का नाही सांगितलं? काय सांगणार. मी भाषण दिलं असतं. चाळीस बायकांपुढे दिलं, एकटीपुढे दिलं नसतं का?

नका हो, रुमाल आहे माझ्याकडे. आल्या बघा त्या. ती निळी साडी, हातात बोचकं, धापा टाकत. तुम्ही काही ऐकलं नाहीत हं काकू.

आई, इकडे. बसा आधी. — काही नाही, डोळ्यांत गेलं काहीतरी. — खाली आलंय, एकशे अठरा. घरी जायचं. — अहो, देवाला नमस्कार नंतर करा, पाणी प्या. — बोचक्यात काय? सोलं. हो का, पित्तावर. — आई, ते कोठीतलं... तांदळाच्या पिंपामागे एक बाटली होती. ती मी सकाळी ओतून दिली. नासली होती. — बोचक्याची गाठ राहू दे आई, माझ्याकडे बघा. दुसरी भराल? मीठ तुम्हीच घाला. रोज घालता तेवढंच.

काकू, तुमची सून आली बाहेर. जा तुम्ही आता.