बरणीतलं मीठ

दगडाबाई : हात लावू नगंस त्या बरणीला, सोनिया. सासू म्हणून सांगती, न्हाईतर हात जोडून सांगती, कसं बी समज.

सोनिया : आत्या, उद्या सकाळी माणसं येणार. बिरदेवभावजी पाहुण्यांना आणायला सांगलीला गेलेत. पिठाचा पुतळा करायचा, अग्नी द्यायचा, सगळं ठरलं. आणि तुम्ही सकाळपासून ही बरणी पोटाशी धरून बसलाय.

दगडाबाई : मग बसू दे की. पिठाचा पुतळा म्हणं! माझ्या ज्योतिबाचं पीठ करून टाकलंसा व्हय गं समद्यांनी मिळून?

सोनिया : मी काय केलं? मी बायको आहे त्यांची. कोकणात मेंढरं उतरवताना खाडीत गेले. भावजींनी डोळ्यांनी बघितलं. पाणी ओढून घेऊन गेलं, देह सापडला नाही. रोज सकाळी कुंकवाची डबी हातात घेते आणि तशीच बसून राहते. लावू का नको, तेच कळत नाही. मला हे संपवायचंय आत्या. माझ्यानं आता सोसवत नाही.

दगडाबाई : मला सोसतंय व्हय?

सोनिया : तसं नाही म्हणत मी.

दगडाबाई : आगं, आपल्या घरची रीत हाय ही. गडी मेंढरामागं निघाला की मेंढरास्नी मीठ चारायचं. मुठीत उरंल ते आईनं बरणीतल्या पाण्यात टाकायचं, तोंड बांधून ठिवायचं. माघारी आला की उंबऱ्यावर त्येच पाणी पायावर. त्याबिगर आत पाऊल टाकायचं न्हाई. माझ्या सासूनं केलं, मी बी केलं. पाय धुतल्याबिगर त्येला जाळू कसा?

सोनिया : पण ते मीठ केव्हाच विरघळून गेलं.

दगडाबाई : गेलं म्हंजी कुठं गेलं? आटपाडीत पोरांस्नी शिकवतीस न्हवं? सांग की मला बी.

सोनिया : गेलं म्हणजे... तसं गेलं नाही. मिठाचा खडा म्हणजे लई बारीक कण असतात, डोळ्याला न दिसणारे. दोन जातीचे. एकमेकांना घट्ट धरून उभे. पाणी सुद्धा कणांचंच. ते मिठाभोवती जमतात आणि कडेच्या एकाला ओढतात. तो सुटला की पुढचा.

दगडाबाई : लांडगा कडंचं मेंढरू तोडतोय तसं.

सोनिया : तसंच धरा. पण खात नाहीत. गराडा घालून राहतात. एकेका कणाभोवती पाण्याचं कडं. म्हणून तो दुसऱ्याला भेटत नाही, आणि आपल्याला दिसत नाही.

दगडाबाई : पर असतोय.

सोनिया : असतो. थेंबाथेंबात असतो.

दगडाबाई : आन् पाणी आटलं तर?

सोनिया : कडं सुटतं. मग ते एकमेकांना परत सापडतात. पुन्हा खडा होतो. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. ते कधी उडत नाही.

दगडाबाई : मग माझ्या ज्योतिबाला बी खाडीनं कडंनं तोडला म्हण. गराडा घातला. आन् तुमी म्हणतासा, दिसत न्हाई म्हंजी गेला.

सोनिया : आत्या! माणूस विरघळत नाही.

दगडाबाई : तू बघाय गेलीतीस?

सोनिया : देवा... बरं, ऐका. बरणी उघडू. जिभेवर एक थेंब घेते. खारट लागलं की तुम्ही पण घ्या. त्यात मीठ आहे, नुसतं मीठ. तो माणूस नाही त्यात. मग आपण दोघी मिळून ओढ्यात ओतू. चालेल?

दगडाबाई : ...गाठ बघ आधी. त्याच्या घोंगड्याची लोकर हाय. मी मारल्याली गाठ, एकदा सोडली की परत तशी बसत न्हाई. हाय का न्हाई जशीच्या तशी?

सोनिया : आहे. सोडते हं.

दगडाबाई : सोड. काठापातूर पाणी हाय, सांडू नगंस.

(सोनिया गाठ सोडते, बोट बुडवून एक थेंब जिभेवर घेते.)

दगडाबाई : काय गं? थोबाड असं का झालं?

सोनिया : थांबा. परत घेते.

दगडाबाई : लय खारट हाय?

सोनिया : गोडं पाणी आहे.

दगडाबाई : आं?

सोनिया : साधं. आपल्या विहिरीचं असतं तसं. मीठ नाहीच यात. खालपर्यंत बोट घातलं. तुम्ही टाकलं होतं ना?

दगडाबाई : तुझ्या म्होरं टाकलं की! त्याची मूठ म्या उघडली, घामानं चिकटल्यालं मीठ बोटानं खरवडून काढलं. तू हसलीस बी तवा.

सोनिया : हो. हसले होते. मग कुणीतरी पाणी बदललं. भावजींनीच. तुमची समजूत पटावी म्हणून...

दगडाबाई : बिरदेवला ही गाठ येत न्हाई. आन् बरणी माझ्या उशाला असती.

सोनिया : मग मीठ एकटं कसं जाईल? आत्या, पाणी जातं आणि मीठ राहतं. इथं पाणी आहे आणि मीठ गेलंय. असं होत नाही. असं कुठंच होत नाही!

दगडाबाई : वरडू नगंस. एक सांग. सकाळी उंबऱ्यावर पाणी तू सांडलंस?

सोनिया : मी? मी मागच्या दारानं झाडायला गेले. पुढचं दार तर तुम्हीच उघडलंत.

दगडाबाई : उघडलं तवा वलं हुतं. मला वाटलं, तू न्हाऊन वल्या पायानं फिरलीस. बोलणार हुते तुला. जा, बघ बरं.

(सोनिया दाराशी जाते. उंबऱ्यापाशी खाली बसते.)

दगडाबाई : वलं हाय का गं अजून?

सोनिया : वाळलंय. ऊन आलंय इथं. पांढरं उमटलंय.

दगडाबाई : काय उमटलंय?

सोनिया : पाऊल.

दगडाबाई : पाऊल? आन् पांढरं?

सोनिया : मीठ आहे, आत्या. जिभेला लावून बघितलं.

दगडाबाई : कंचं पाऊल? डावं बघ.

सोनिया : डाव्याला करंगळी नाही.

दगडाबाई : कुऱ्हाडीनं तुटली हुती. बाभळ तोडताना. चिंधी बांधली तर म्हणं, आये, मेंढरं कोण वळवंल? आला गं बाई माझा. पाय धुवून आला. मी वतलं न्हाई तर त्येनं त्येचं घेतलं.

सोनिया : मला भ्या वाटतंय.

दगडाबाई : आपल्या घरधन्याचं कसलं भ्या? ये, बस हितं. बिरदेवला फोन लाव. म्हणावं, आईची आता आडकाठी न्हाई. उद्याचं ठरलंय तसं हुंदे. पीठ मीच मळीन. उपाशी वाटंवर ऱ्हायला न्हाई माझा लेक, घरला आला, आता सुखानं जाऊ दे त्येला.

सोनिया : न्हाई.

दगडाबाई : काय न्हाई?

सोनिया : उद्याचं न्हाई करायचं. फोन न्हाई लावणार मी.

दगडाबाई : आगं, सकाळधरनं तूच माझ्या मागं लागलीस न्हवं? संपवायचंय म्हणलीस!

सोनिया : म्हणले. पण पावलं आत आल्यात, आत्या. उंबऱ्यावरनं सोप्यात, सोप्यातनं हिकडं. भाईर गेल्यालं एक बी न्हाई.

दगडाबाई : नीट बघ.

सोनिया : बघतेच हाय. ही वाळल्यात. ह्ये बी वाळत आलंय, कडंनं पांढरं झालंय. तुमी हलू नगा. जरा बी हलू नगा.

दगडाबाई : का गं?

सोनिया : तुमच्या पाठीमागं भिंतीकडं दोन हायती. शेजारी शेजारी. ती अजून वली हायती.

दगडाबाई : ...पुसू नगंस, पोरी.

सोनिया : न्हाई पुसत. खिडकी उघडते. ऊन येऊ दे त्यांच्यावर. पाणी जाईल, मीठ ऱ्हाईल.