रविवारचे पाहुणे

घोटावड्याच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे दोघी बसल्या होत्या. वृद्धाश्रमातल्या गोजराबाई आणि रिसॉर्टवरच्या पाहुण्यांना आश्रम दाखवायला आणणारी सृष्टी.

“आजी, साखर इतकी कशी वाढली?”

“रविवारी तुजं तीन गट आलं. तिन्ही गटांचा केक खाल्ला.”

“नको म्हणायचं ना!”

“फोटूच्या आदी? तूच डोळं वटारतीस की.”

“पाहुणे प्रेमानं भरवतात हो.”

“आमच्या येळी पाव्हन्याला आमी जेवू घालायचो. पायाची जखम चिघळलीया बाय. डागदर म्हनत्यात, पाय कापावा लागंल. ह्या रविवारी मला खोलीतच ऱ्हाऊ दे.”

“या रविवारी चार गट आहेत. तुमचं हसणं सगळ्यांना आवडतं.”

“आन् पाय गेला तर?”

“घाबरू नका आजी. व्हीलचेअर देणारे पाहुणेही आहेत माझ्याकडे.”