मालीचं हरीण

फाट्यावरच्या लिंबाची सावली. कुणाच्या तरी डब्यातल्या झुणक्याचा वास. पुलगावच्या बसचा पत्ता नाही. सहावीतल्या हर्षाच्या हातात पुठ्ठ्याचं शिंगवालं हरीण, हरणाच्या कपाळाला ओलं कुंकू. शेजारी बसची वाट बघणाऱ्या सपनाचे कान मात्र हर्षा आणि तिची आजी वच्छलाबाई यांच्या भांडणाकडे लागले होते.

“आजी, कुंकू काऊन लावलं तू?”

“तान्हा पोळा आला ना. मले वाटलं, पोरायसंगं मिरवाले नंदीबैल केला तू.”

“आफ्रिकेतलं हरीण हाय ते! आज मले शाळेत त्याच्यावर बोलाचं हाय.”

“पूजा झाली त्याची. आता पोट्ट्यायच्या हातात नाई द्याचं. आन इकडं.”

“मंग मी काय दाखवू? मॅडमनं सांगतलं, माली देशात लोक असं हरीण डोक्यावर बांधून शेतात नाचते. त्यानंच मानसाले शेती शिकवली म्हंते.”

“शेती शिकवणाऱ्याले डोक्यावर घेते? शहाने लोक हायेत बाप्पा. मंग माही पूजा चुकली कुठी?”

“नाई चुकली.”

“एकटंच नाचते?”

“जोडीनं. एक नर, एक मादी.”

“मंग दुसरं कुठी हाय?”

“एकच केलं ना मी.”

“बस आली. चाल, दुसरं हरीण मी होतो तुह्यासंगं.”

वच्छलाबाईंच्या गोठ्यातली बैलजोडी मागच्या उन्हाळ्यात विकली गेली होती; यंदाच्या पोळ्याला पुजायला घरी बैल नव्हते.