देवाच्या दिव्यावरचा मीटर

मी अलीकडे गाडी इतकी सावकाश का चालवतो विचारता ना, त्याला आपला सुधीर जबाबदार आहे. माझी फियाट पेट्रोल फार पीत होती आणि मुलगी ती विकायच्या मागे लागली होती. पण डॅशबोर्डवर माझ्या बायकोने, सुमनने, बसवलेला छोट्या दिव्याचा गणपती होता, आणि ती गेल्यावर मला गाडी विकवेना.

संपापर्यंत गिरणीत वायरमन असलेला सुधीर म्हणाला, "हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर लावू, दोष कळेल." डॅशबोर्डखाली जवळ दिसली ती गणपतीच्या दिव्याची वायर, तिच्यावरूनच त्याने मीटरला वीज दिली.

आम्ही दोघं फेरी मारायला निघालो, तर लालबागहून परळपर्यंत काटा हलला नाही. सिग्नलला ब्रेक दाबला, तेव्हा गणपतीचा दिवा लागला आणि काटाही उठला.

"अरे, देवाचा दिवा ब्रेकवर आहे होय?" सुधीर म्हणाला.

"सुमननेच तसा जोडून घेतला. म्हणायची, माझ्यासाठी नाही, तर देवासाठी तरी ब्रेक दाबा."

"उद्या वायर बदलतो रे."

"राहू दे."

आता काटा बघायच्या नादात गाडी हळू चालते आणि पेट्रोल पुरतं. मुलगीही विकायचं नाव काढत नाही. सुधीर सगळ्यांना सांगतो, "मीटर मी लावला, पण जोडणी वहिनींची."